कन्व्हर्टर बदलण्याआधी : पी०४२० या कोडचे मूळ कसे शोधावे

अमळनेरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१८ सालची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि ती ९४,००० किलोमीटर चालली आहे. चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनर लावल्यावर पी०४२० हा एकच कोड आला. गॅरेजने तो दोनदा पुसून दिला, पण पहिल्या वेळी ११ दिवसांनी आणि दुसऱ्या वेळी सुमारे तीन आठवड्यांनी तो परत आला. इंजिनाचा विषारी धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला आहे आणि तो बदलल्याशिवाय इलाज नाही, असे आता गॅरेजचे म्हणणे आहे. पिकअपमध्ये फरक जाणवत नाही, अ‍ॅव्हरेज किंचित उतरले आहे, आणि पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे की दोन सर्व्हिसिंगच्या दरम्यान पाऊण लिटर इंजिन ऑइल वरून घालावे लागते. कन्व्हर्टरवर एवढा खर्च करावा का, असा प्रश्न आहे.

जळगावात २४ वर्षे गॅरेज चालवणारा माणूस म्हणून माझे उत्तर असे आहे की आज करू नये. कन्व्हर्टर चांगलाच असेल, असा माझा दावा नाही. तो खराब झालेला असण्याची शक्यता बरीच आहे. पण त्याला हलणारे, झिजणारे भाग नसतात, आणि इंजिन नीट असेल तर तो सहसा गाडीच्या आयुष्याइतका टिकतो. तो ९४,००० किलोमीटरवर गेला असेल तर त्याला कशाने तरी घालवले आहे, आणि ते कारण इंजिनात तसेच राहिले तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जाईल. पत्राच्या शेवटी आलेले ते पाऊण लिटर ऑइलचे वाक्य माझ्या दृष्टीने संपूर्ण पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. त्याकडे पुढे येतोच.

प्रथम हा कोड नेमके काय सांगतो, ते पाहू. कन्व्हर्टरच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिकची वीट असते. तिच्यावरील लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात, तसेच सेरियमचे ऑक्साइडही असते. मिश्रण किंचित लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, झाले की हे ऑक्साइड जादा ऑक्सिजन धरून ठेवते आणि मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, झाले की तो सोडते. गाडीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, धुरातील कार्बन मोनॉक्साइड मोजता येत नाही. त्याच्याकडे कन्व्हर्टरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, एक आणि मागे, सायलेन्सरच्या बाजूला, एक, असे दोनच ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढच्या सेन्सरवर ऑक्सिजन सारखा कमी-जास्त होत असताना मागच्या सेन्सरवर तो जवळपास स्थिर दिसला, तर कन्व्हर्टरची ऑक्सिजनची साठवण शाबूत आहे असे ईसीयू धरून चालतो. मागचा सेन्सरही पुढच्याप्रमाणे हेलकावे खाऊ लागला, तर साठवण संपली असे मानून तो पी०४२० नोंदवतो. म्हणजे हा कोड मोजमापाचा नसून अनुमानाचा आहे, आणि अनुमान चुकवणाऱ्या गोष्टी कन्व्हर्टरच्या बाहेरही असतात. कोडच्या अर्थात बँक १ असा उल्लेख येतो, पण चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात बँक एकच असल्याने त्याचा विचार करण्याचे कारण नाही.

कोड पुसण्याची घाई हे या प्रकरणातील पहिले नुकसान आहे. कोड नोंदवला गेला त्या क्षणाची इंजिनाची स्थिती, म्हणजे वेग, आरपीएम, कूलंटचे तापमान, लोड आणि फ्यूएल ट्रिम, फ्रीझ फ्रेममध्ये जपून ठेवलेली असते, आणि कोडबरोबर तीही पुसली जाते. शिवाय ‘अकरा दिवस गाडी ठीक होती’ हा समजही बरोबर नाही. कन्व्हर्टरची चाचणी ईसीयू केव्हाही घेत नाही. इंजिन पूर्ण तापलेले आणि गाडी काही मिनिटे एकसारख्या वेगाने चाललेली असावी लागते, आणि बहुतेक गाड्यांत दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत दोष दिसल्यावरच दिवा लागतो. अमळनेर गावातल्या दोन-तीन किलोमीटरच्या चकरांत ही चाचणी पूर्णच होत नाही. पारोळ्याहून एरंडोलकडे महामार्गाने गेलात की होते. त्यामुळे ११ दिवस आणि तीन आठवडे या आकड्यांवरून दोष येतो-जातो असे काही सिद्ध होत नाही. त्या काळात आपण हमरस्त्यावर किती वेळा गेलात, एवढेच त्यांवरून कळते. पारोळ्याकडचे एक आबा मला नेहमी विचारत, “गाडी ते चांगली चालस, मंग हाऊ दिवा काबर लागस?” त्यांच्या गाडीचा दिवाही बाजारच्या दिवशी कधी लागला नाही, धुळ्याला जाऊन आल्यावरच लागायचा.

आता तपासणीकडे येऊ. साधा ब्लूटूथचा स्कॅनर आणि मोबाइल एवढ्यावरही बरेच कळते, मात्र कोडच्या पानावर न थांबता लाइव्ह डेटाचा आलेख उघडावा लागतो. इंजिन पूर्ण तापवून २५०० आरपीएमवर दोन-तीन मिनिटे धरावे आणि दोन्ही सेन्सरचे व्होल्टेज एकाच वेळी पाहावे. पुढचा सेन्सर जुन्या पद्धतीचा, म्हणजे नॅरोबँड असेल, तर तो ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान भराभर वरखाली होताना दिसला पाहिजे. मागचा सेन्सर ०.६ ते ०.७ च्या आसपास जवळपास सरळ रेषेत असावा. मागची रेषा पुढच्याशी जोडीने नाचत असेल, तर साठवण खरोखरच कमी झाली आहे. ती खाली, ०.१-०.२ वर पडून असेल, तर कन्व्हर्टरआधी गळती किंवा लीन मिश्रण शोधावे, सतत ०.८ च्या वर अडकली असेल, तर रिच मिश्रणाचा संशय घ्यावा. काही गाड्यांत पुढे वाइडबँड म्हणजे एअर-फ्यूएल सेन्सर असतो. त्याची रेषा अशी नाचत नाही, त्यामुळे या दोन रेषांची तुलना तिथे लागू होत नाही. हे लक्षात न घेता चांगले सेन्सर काढून टाकलेले मी पाहिले आहेत.

मला याहून अधिक भरवशाची वाटणारी चाचणी रस्त्यावर करता येते. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ७०-८० चा वेग घ्यावा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून गाडी गिअरमध्येच उतरू द्यावी. या वेळी इंजेक्टर बंद होतात, सायलेन्सरमधून निव्वळ हवा जाते आणि दोन्ही सेन्सर शून्याजवळ येतात. कन्व्हर्टर ऑक्सिजनने भरून जातो. मग पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पुढचा सेन्सर लगेच वर जातो, पण मागचा सेन्सर साठलेला ऑक्सिजन खर्ची पडेपर्यंत खालीच राहतो. चांगल्या कन्व्हर्टरमध्ये ही उशिराची जागा आलेखावर स्पष्ट दिसते. मेलेल्या कन्व्हर्टरमध्ये दोन्ही सेन्सर जवळजवळ एकदम उठतात. ही चाचणी करताना एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने मोबाइल पाहावा, हे सांगायची गरज नसावी, पण सांगतो.

या टप्प्यावर पुष्कळ ठिकाणी मागचा सेन्सर बदलण्याचा सल्ला मिळतो, कारण तो कन्व्हर्टरपेक्षा स्वस्त असतो. सुरुवातीच्या काळात मीही अशा तीन-चार ग्राहकांना सेन्सरचा खर्च करायला लावला आहे, आणि त्यातील एकाही गाडीचा कोड गेला नाही. पुढे नीट विचार केल्यावर लक्षात आले की म्हातारा झालेला सेन्सर मंद होतो, आणि मंद झालेला मागचा सेन्सर कमी हेलकावे दाखवतो. म्हणजे तो खराब कन्व्हर्टरला उलट झाकून ठेवील, चांगल्याला दोषी ठरवण्याची शक्यता कमीच. पुढच्या सेन्सरचे मात्र उलट आहे. तो मंद झाला की मिश्रण दुरुस्त व्हायला उशीर होतो, लीन आणि रिच या दोन्ही टोकांवर इंजिन अधिक वेळ रेंगाळते, आणि तेवढा लांब हेलकावा साठवून घेणे अर्ध्या वयाच्या कन्व्हर्टरला झेपत नाही. लाखाच्या जवळ पोचलेल्या गाडीत माझा पहिला संशय म्हणून पुढच्या सेन्सरवर असतो.

गळतीची तपासणी स्वस्त आहे आणि ती आधी झाली पाहिजे. मॅनिफोल्डचे गॅस्केट, लवचिक जाळीचा पाइप आणि मागच्या सेन्सरच्या आसपासचे वेल्डिंग ही तीन ठिकाणे आपल्याकडच्या रस्त्यांवर नेहमी फुटतात. धुराच्या ठोक्याठोक्यांमधल्या क्षणिक ओढीने बाहेरची हवा त्या फटीतून आत येते आणि सेन्सरला खोटा ऑक्सिजन दिसतो. सकाळी थंड इंजिन सुरू करून, जाड ओले फडके सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर दाबून धरावे आणि साबणाचे पाणी जोडांवर टाकावे; फुगे किंवा फुसफुस लगेच कळते. स्मोक मशीन असलेल्या गॅरेजात हे अधिक नेमकेपणाने होते. गाडीखाली शिरलात तर कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलकेच ठोकून पाहावे. आत खुळखुळ ऐकू आली तर वीट तुटली आहे. उंच गतिरोधकाला खालून बसलेला मार हे त्याचे नेहमीचे कारण.

त्यानंतर फ्यूएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो वा घटवतो ते, पाहावी. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म यांची बेरीज तापलेल्या इंजिनात साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत असावी. आयडलिंगला अधिक असून रेस वाढवल्यावर कमी होत असेल, तर इनटेकमध्ये हवा शिरते आहे. उलट लोडवर वाढत असेल, तर पेट्रोल पंपाचा दाब किंवा इंजेक्टर तपासावेत. उणे बाजूला मोठी असेल, तर टपकणारा इंजेक्टर किंवा उघडा राहिलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतील पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप) शोधावा. येथे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलचा एक बारकावा लक्षात ठेवावा. निव्वळ पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, ई१० ला सुमारे १४.१ आणि ई२० ला सुमारे १३.५. त्यामुळे ई१० वर बसवलेल्या गाडीची ट्रिम ई२० वर सुमारे चार टक्के अधिककडे सरकणे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून दोष शोधत बसू नये, आणि पी०४२० चे सगळे खापर इथेनॉलवर फोडणेही मला पटत नाही.

कूलंटचे तापमान ८० अंशांपर्यंतच जात नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. अशा इंजिनात मिश्रण रिच राहते आणि कन्व्हर्टर पुरेसा तापत नाही. तो काम सुरू करतो तेच मुळी २५०-३०० अंश सेल्सिअसच्या पुढे. भुसावळच्या मे महिन्यात हा दोष लपतो आणि डिसेंबरात उघड होतो.

आता ते पाऊण लिटर ऑइल. इंजिन ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी जस्त आणि फॉस्फरस असलेले मिश्रण घातलेले असते. ऑइल सिलिंडरमध्ये जळले की फॉस्फरस धुराबरोबर जाऊन कन्व्हर्टरच्या पुढच्या भागावर काचेसारखा थर धरतो, धातूंपर्यंत वायू पोचत नाही आणि सेरियमची साठवणही मारली जाते. हा थर उष्णतेने जळून जात नाही, आणि पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या कोणत्याही क्लीनरने तो निघालेला मी पाहिलेला नाही. पेट्रोल गाड्यांच्या एपीआय एसएन दर्जाच्या पातळ ऑइलमध्ये फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्के ठेवली आहे, ती याच कारणाने. पण खानदेशात एक सवय फार दिसते. शेतात ट्रॅक्टरसाठी डिझेल इंजिनाच्या ऑइलचा डबा असतोच, आणि कारची लेव्हल कमी दिसली की त्यातलेच अर्धा लिटर कारमध्ये जाते. इंजिनाला त्याने लगेच काही होत नाही, म्हणून कोणाला चूक वाटत नाही. पण डिझेलच्या जड कामाच्या ऑइलमध्ये फॉस्फरस अधिक असतो आणि जळणाऱ्या प्रत्येक थेंबाबरोबर तो कन्व्हर्टरमध्ये जातो. आपण वरून कोणते ऑइल घालता, हे पत्रात लिहिलेले नाही. ते आधी पाहावे.

ऑइल कोठून जाते, ते शोधण्यासाठी इंजिन खोलण्याची घाई नको. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना क्षणभर निळसर धूर येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्हचे सील गेले आहेत. कन्नडचा घाट उतरून तळाशी पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबताना आरशात निळा ढग दिसत असेल, तरीही बहुधा तेच. जोर लावून चढताना सतत धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा. या दोन्हींच्या आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या तळातील वाफा इनटेकमध्ये सोडणारी झडप, काढून पाहावा, कारण तो अडकल्याने ऑइल इनटेकमध्ये ओढले जाते आणि त्याचा खर्च नगण्य असतो. चारही स्पार्क प्लग काढून क्रमाने टेबलावर मांडावेत. एकाच प्लगवर राखेसारखा थर असेल, तर दोष त्या एका सिलिंडरपुरता आहे. त्यानंतर सिलिंडर दाब धरतो का, हे पाहणारी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी.

कूलंट जळणे हा याच जातीचा, पण अधिक फसवा शत्रू आहे. रावेर भागातील एका केळी व्यापाऱ्याच्या गाडीला दुसऱ्या एका गॅरेजने नवा कन्व्हर्टर बसवला होता आणि पाच महिन्यांत कोड परत आला. कन्व्हर्टर नकली होता, अशी त्यांची खात्री झाली होती. मी पुढचा सेन्सर काढला, तर त्याच्या टोकावर काळ्या काजळीऐवजी पांढुरका, खडूसारखा थर होता. विचारल्यावर कळले की चालक दर पंधरा दिवसांनी रेडिएटरच्या टाकीत ‘थोडेसे पाणी’ घालत असे आणि ती गोष्ट मालकाला सांगण्यासारखी त्याला वाटली नव्हती. कूलिंग सिस्टिमला दाब देऊन रात्रभर ठेवली, तेव्हा सकाळी तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन ओला निघाला. हेड गॅस्केटमधून थेंब थेंब कूलंट जळत होते, आणि त्यातील सिलिकेटने सेन्सर आणि दोन्ही कन्व्हर्टर, जुना आणि नवा, मारले होते. नवा कन्व्हर्टर अस्सल होता.

आपल्या गाडीत मिसफायरचा कोड नाही, म्हणून त्यावर थोडक्यातच लिहितो. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते, तापमान हजार अंशांच्या पुढे जाते आणि वीट वितळू लागते. चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर त्याचा अर्थ हाच आहे आणि गाडी तशीच घरापर्यंत दामटू नये. बॅटरी उतरलेली पेट्रोल गाडी चार जणांनी धक्का मारून सुरू करणेही याच कारणाने कन्व्हर्टरला घातक असते. तापलेली गाडी कडब्यावर किंवा पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ उभी करू नये, हेही जाता जाता सांगून ठेवतो. खालून कन्व्हर्टर किती तापतो, याची कल्पना नसते. बाहेरून सीएनजी किट बसवले असेल तर मात्र सगळी चाचणी प्रथम पेट्रोलवर करावी. मिथेन कन्व्हर्टरमध्ये जाळायला सर्वांत कठीण असतो, आणि सीएनजीवर आलेला कोड पेट्रोलवर येत नसेल, तर आधी किटच्या ट्यूनिंगकडे पाहावे.

चांगले पीयूसी केंद्र ओळखीचे असेल, तर गॅस अ‍ॅनालायझरचे आकडे जरूर घ्यावेत. तापलेल्या इंजिनात, २५०० च्या आसपास, लँब्डा (हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण, अचूक असेल तर १) ०.९७ ते १.०३ च्या आत असून कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन हे दोन्ही वाढलेले दिसले, तर जळायचे इंधन आणि जाळायचा ऑक्सिजन एकत्र असूनही ते कन्व्हर्टरमध्ये भेटले नाहीत. हा कन्व्हर्टरविरुद्धचा सबळ पुरावा आहे. कार्बन मोनॉक्साइड भरपूर आणि ऑक्सिजन जवळपास शून्य असेल, तर मिश्रण रिच आहे. ऑक्सिजन भरपूर आणि कार्बन मोनॉक्साइड नाहीच, तर गळती किंवा लीन मिश्रण. नुसते प्रमाणपत्र मिळाले म्हणून कन्व्हर्टर निर्दोष ठरत नाही. उभ्या गाडीवरची ती चाचणी ईसीयूच्या चाचणीपेक्षा खूपच उदार असते.

दिवा विझवण्याचे दोन जुगाडही आपल्याला सुचवले जातील. मागच्या सेन्सरखाली नळीचा तुकडा लावून तो धुरापासून दूर करणे हा एक, आणि कन्व्हर्टर कापून आतली वीट काढून टाकणे हा दुसरा. पहिल्याने दोष झाकला जातो आणि इंजिन ऑइल खातच राहते. दुसरा बेकायदेशीर आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. आणि काढलेल्या विटेतील प्लॅटिनम-पॅलेडियमचे पैसे कोणाला मिळतात, हेही विचारून पाहावे.

आपल्या गाडीसाठी मी जो क्रम धरीन तो असा. कोड पुन्हा आला की न पुसता फ्रीझ फ्रेमचा फोटो घ्यावा. गळती, मग दोन्ही सेन्सरचे आलेख, ट्रिम आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडण्याची चाचणी, या गोष्टी एका दुपारी होतात. त्याच वेळी प्लग आणि पीसीव्ही पाहावेत. ऑइलची लेव्हल सपाट जागेवर, थंड इंजिनात मोजून १,००० किलोमीटरचा हिशेब लिहून ठेवावा. पत्रावरून माझा कल असा आहे की व्हॉल्व्हचे सील किंवा पीसीव्ही यांतून ऑइल जळते आहे, पुढचा सेन्सर थकला आहे आणि कन्व्हर्टरची साठवण बरीच उतरली आहे, पण संपलेली नाही. तसे निघाले तर ऑइल जळणे बंद करून, पुढचा सेन्सर बदलून, योग्य दर्जाचे ऑइल भरून दोन-तीन महिने गाडी चालवावी. माझ्याकडे अशा काही गाड्यांचा कोड त्यानंतर आला नाही; काहींचा आला, आणि मग कन्व्हर्टर बदलला.

बदलण्याची वेळ आलीच तर वॉरंटीचे पुस्तक आधी पाहावे, कारण सर्व्हिसिंगच्या नोंदी नीट असतील तर थोडीफार मदत मिळू शकते. बाजारातले स्वस्त कन्व्हर्टर दिसायला सारखेच असतात, पण त्यांत मौल्यवान धातू आणि सेरियम बेताचेच असतात आणि काही महिन्यांत तोच कोड परत येतो. त्यापेक्षा कंपनीचाच घ्यावा. दोन्ही बाजूंची गॅस्केट नवीन घालावीत, सेन्सरच्या टोकाला ग्रीस किंवा सिलिकॉन लागू देऊ नये. जुना कन्व्हर्टर गॅरेजात सोडू नये. भंगारातही त्याला चांगली किंमत येते आणि ती बिलातून वजा व्हायला हवी. गाडी ताब्यात घेताना स्कॅनरवर कॅटॅलिस्ट मॉनिटर, म्हणजे ईसीयूची कन्व्हर्टरची चाचणी, पूर्ण झाला असे दिसते का, ते पाहावे. ते दिसेपर्यंत पारोळा-एरंडोलची एक-दोन फेऱ्यांची चाचणी बाकी आहे, असेच समजावे.